शब्बाथ गोरेगावला लवकर लागतो

गोरेगावला प्रशिक्षणाला चालले आहे असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या आळीत कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही. सॉलोमनकाका तर म्हणाले, "मग रात्री जेवायला घरी असालच." बरोबरच आहे. एक गोरेगाव आमच्या रायगडात आहे, एक मुंबईत आहे, दोन्हीकडून माणूस संध्याकाळपर्यंत परत येतं. मी म्हटलं, "काका, हे तिसरं. गोंदिया जिल्ह्यातलं." तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "गोंदिया? जिथे महाराष्ट्र संपतो ते? तिथे आपलं कोण आहे?"

आपलं कोणी नव्हतंच. आपलं म्हणजे बेने इस्रायली, कोकणातले यहुदी. फार पूर्वी आमचं जहाज फुटलं आणि सात जोडपी किनाऱ्याला लागली, अशी आमच्यात कथा सांगतात. तेव्हापासून आम्ही इथलेच. मराठी बोलतो, मराठीत भांडतो, हिब्रू फक्त देवाशी. पूर्वी तेलाच्या घाण्यांचा धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. माझं नाव रिबेका. अलिबागजवळच्या एका हायस्कूलात सव्वीस वर्षं भूगोल शिकवते आणि दर रविवारी सिनेगॉगच्या मागच्या खोलीत आमच्या मुलांचा धर्मवर्ग घेते. मुलं नऊ. बाकीची एकतर इस्रायलला गेली नाहीतर ठाण्याला.

या नवांतली एक हाना. तिला बोलता येत नाही. डॉक्टरांनी तिच्या दुखण्याला लांबलचक नाव दिलंय, ते मला अजून पाठ झालेलं नाही. हिब्रूची बावीस अक्षरं मी तिला तीन वर्षं शिकवली. पहिलं अक्षर दाखवलं की ती माझ्याकडे बघून गोड हसते, बाविसावं दाखवलं तरी तसंच. आमच्या सिनेगॉगात मुलगी बारा वर्षांची झाली की त्या शुक्रवारी सगळ्यांसमोर शब्बाथचा दिवा लावते आणि प्रार्थना म्हणते. हानाला लवकरच बारा पुरी होणार होती. तिची आई एस्तेर माझ्या मागे लागली होती आणि सॉलोमनकाका, आमच्या सिनेगॉगचे अध्यक्ष, नाही म्हणत होते.

"तिला काय समजतं, रिबेकाबाई?" ते म्हणायचे. "समजत नसताना उभं करायचं म्हणजे पोरीचं हसं. मला ते बघवणार नाही." माणूस वाईट नाही हो, हट्टी आहे. शेवटी मी त्या प्रशिक्षणाचा कागद दाखवला. न बोलणाऱ्या, न ऐकणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या मुलांना बाकीच्यांबरोबर एकाच वर्गात कसं शिकवायचं, याचे सहा दिवस. काका म्हणाले, "जा. तिथे तुमचा पाठ पास झाला असं लेखी आणा. मग हानाला उभी करू. नापास झालात तर मात्र हा विषय पुन्हा काढायचा नाही." मी कबूल केलं. एस्तेरने मला डब्यात मनुका बांधून दिल्या आणि एसटी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडला नाही.

सोमवार

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही, गाडी गाडीसारखीच होती. गोंदियाला उतरले आणि प्रथम कळलं की इथे मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर येतं. रिक्षावाल्याशी मी मराठीत घासाघीस केली, त्याने हिंदीत केली, आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. स्टँडवर पोहे खाल्ले. पोह्यांवर चक्क हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात! आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं, तेही मोजून. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला मी आणखी तर्री मागितली.

पुढे एसटीने गोरेगाव, आणि तिथून रहांगडाले सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून निवासी शाळा. आमचं प्रशिक्षण घेणारे सर मूळचे इथलेच, पोवार शेतकऱ्याच्या घरचे, आयुष्यभर हानासारख्या मुलांना शिकवलेलं. रस्ताभर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, नुकत्या कापून मोकळ्या झालेल्या. धान म्हणजे भात आणि बांधी म्हणजे आमच्याकडचं खाचर. "म्याडम," सरांनी मागे वळून विचारलं, आणि ते पुढे बघत नाहीत म्हणून माझा जीव टांगणीला, "तुम्ही खरेच यहुदी होय का जी? मंग मराठी एवढी साफ कशी बोलता?"

"तुम्ही कशी बोलता?"

"आमची कुठं साफ आहे?" म्हणाले आणि खदाखदा हसले. माझी त्यांच्याशी तिथेच मैत्री झाली.

माझ्या खोलीत तिरोड्याकडच्या एक टेंभरेबाई होत्या, प्राथमिक शिक्षिका, आवाज थेट घंटेचा. ओळख सांगताना मी शनवार तेली म्हणाले मात्र, पुढचं काही त्यांनी ऐकलंच नाही. "तेली होय का! मंग आधी सांगाचं ना! माझ्या मैत्रिणीचा भाचा आहे, तेलीच, तलाठी आहे. तुमच्या घरात कोणी लग्नाची पोरगी?" मी अर्धा तास जहाज, किनारा, जेरुसलेम सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, शनवारवाले. चालते जी. पोरगा निर्व्यसनी आहे."

संध्याकाळी चहा घेऊन अंगणात आले तर अंधार. इतक्या लवकर? मी टेंभरेबाईंना म्हटलं, थंडीमुळे असेल. त्या म्हणाल्या, असेल. पण ते मागाहून.

मंगळवार

सकाळी सरांनी जाहीर केलं, "आज तुम्ही शिक्षक नाही. आज तुम्ही पोरं." आम्हा चौदा जणांना लहान मुलांच्या बाकांवर बसवलं. माझे गुडघे हनुवटीला लागले. आणि शिकवायला कोण आलं? स्वयंपाकघरातल्या सगुणाबाई! पदराला हात पुसत आल्या, उभ्या राहिल्या आणि गोंडीत शिकवायला सुरुवात केली. सगळा तास गोंडीत. मराठीचा एक शब्द नाही.

एक सूप होतं, दोन तऱ्हेचं धान्य होतं, पाच पानं होती. सगुणाबाईंनी माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. मी हसले. त्यांनी परत विचारलं, जरा मोठ्याने. मी आणखी हसले. मोठ्याने विचारलं की समजतं, अशी माझीही सव्वीस वर्षं समजूत होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी एक पान उचलून दिलं. सगुणाबाईंनी ते परत ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं, आणि खरं सांगते, मला रडू आलं. पन्नाशी उलटलेली बाई मी! मग मी पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागितली आणि तास संपेपर्यंत माठाजवळ उभी राहिले.

"पळून जावं असं कधी वाटलं?" सरांनी नंतर विचारलं.

"चौथ्या मिनिटाला."

"पोरं त वर्षानुवर्षं काढतात जी," सर म्हणाले. मला हानाचं ते हसू आठवलं आणि बावीस अक्षरांची लाज वाटली. काय केलं मी त्या पोरीचं!

त्या तासाला सगळं बरोबर करणारी एकच मुलगी होती, ती आमच्यातली नव्हतीच. कविता, शाळेतलीच, दहा-अकरा वर्षांची. सगुणाबाईंच्या शेजारी उकिडवी बसून सूप, धान्य, पानं सगळं हवं तसं लावत होती. ती कोणाशी बोलत नाही. वर्गात येते, एक चक्कर मारते आणि सरळ स्वयंपाकघर गाठते. सरांनी तिच्याकडे बघत आमची परीक्षा सांगितली. प्रत्येकाने आपल्या घरचा एक रिवाज इथल्या बारा मुलांना शिकवायचा. एकही मूल बाहेर राहिलं तर पाठ नापास. "आणि कविता बाहेर जाईल," सर म्हणाले, "ते मी आत्ताच सांगून ठेवतो."

रात्रीच्या जेवणात माझ्यासाठी खास मासा होता. कोकणातली बाई आली म्हणून सगुणाबाईंनी कोणाला तरी बोदलकसाच्या तलावावर पाठवून मागवला होता. झाकण काढलं तर मांगूर. काळा, गुळगुळीत, ही लांब मिशी. आता आमच्या धर्मात पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. कसं सांगायचं? मी म्हटलं, "बाई, याला खवले नाहीत. आमच्यात चालत नाही."

"काऊन जी? खवले काय खाता का तुमी?"

"खात नाही. पण असावे लागतात."

सगुणाबाईंनी माशाकडे बोट केलं. "मिशी आहे ना त्याले," त्या म्हणाल्या. त्या रात्री मी लाखोळीची डाळ आणि भात खाल्ला. डाळ इतकी छान होती की माशाचं दुःख पार विसरले, पण सगुणाबाई रुसल्या ते रुसल्याच.

बाजाराचा दिवस

म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्यांना घेऊन स्वतः मासे घ्यायला गेले. मासेवालीने रोहू साफ करून चकाचक मांडले होते. मी म्हटलं, खवले काढलेला नको, न काढलेला दाखवा. तिने एक काढला. मी नखाने खवला उचकटून बघितला, पर मोजले. मासेवाली सगुणाबाईंना म्हणाली, "साऱ्या बाया म्हणतात खवले काढून दे, हे बाई म्हणते खवले दाखव. दवाखान्यातली होय का?"

"नाही व," सगुणाबाई ऐटीत म्हणाल्या, "त्यायच्या देवानं पाहून घ्याले सांगतलं." आणि तिथून पुढे दर गिऱ्हाइकाला माझा धर्म समजावायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. आमचा रुसवा त्या रोहूने मिटवला. आमच्याकडे माशात नारळाचं दूध पडतं, इथे जवस भाजून वाटून घातलं. घरी आल्यावर मी करून बघितलं, आळीत कोणाला आवडलं नाही, मला आवडतं.

पाठ सुरू झाले होते आणि एकेक जण पडत होता. टेंभरेबाईंनी पोळा शिकवला. मातीचे बैल, तोरण, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, सगळा थाट. कविता तिसऱ्या मिनिटाला उठली आणि एक बैल काखोटीला मारून स्वयंपाकघरात गेली. "मी नापास झाली ते झाली," टेंभरेबाई खोलीत येऊन कडाडल्या, "पर माझा बैल काऊन नेला?"

माझी पाळी शनिवारी सकाळी लावली होती. मी सरांना गाठलं. "सर, शनिवारी मला जमणार नाही. आमचा शब्बाथ. मला लिहिता येत नाही, दिवा पेटवता येत नाही, काही काम करता येत नाही."

सर मोठ्या मनाचे. लगेच म्हणाले, "काही हरकत नाही जी! शुक्रवारी ठेवू. संध्याकाळी सात वाजता."

"शुक्रवारी संध्याकाळी सात म्हणजे शनिवारच की."

"नाही, शुक्रवार."

"आमचा दिवस आदल्या संध्याकाळी सूर्य बुडाला की लागतो."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे गुरुवारी संध्याकाळी तुमचा शुक्रवार लागते?"

"हो."

"मंग आज बाजाराचा दिवस संध्याकाळी संपला ना? आणि आत्ता आपण उद्या आहो?"

"तुम्ही आज आहात, सर. मी उद्या आहे." शेवटी तह झाला. शुक्रवारी दुपारी साडेचारला माझा पाठ. माझ्याजवळ आमच्या सिनेगॉगचं कॅलेंडर होतं. त्यात त्या शुक्रवारी दिवा लावायची वेळ, सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधीची, छापली होती, पाच बेचाळीस. वेळच वेळ.

शुक्रवार

काय काय तयारी केली होती म्हणून सांगू! हिब्रू अक्षरांचे रंगीत तक्ते. सहा दिवसांच्या कामांची सहा चित्रं, सातवं कोरं. मनुका दुपारपासून भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केलं, कारण आमच्यात शब्बाथच्या आशीर्वादाला मनुकांचं सरबत लागतं. सव्वाचारला मी नवी साडी नेसून खडू हातात घेऊन तयार.

आणि साडेचारला एक पाहुणे आले. गोंदियाहून. कोणते ते विचारू नका, मोठे होते. शाल आली, नारळ आला, मग भाषण. पाहुण्यांना मुलं फार आवडत होती आणि ते मुलांवर बोलत होते, आणि मुलं खाली मांडी घालून एकमेकांच्या पाठीत कोपर मारत होती. भाषण संपलं तेव्हा सव्वापाच. मी कॅलेंडर बघितलं. अजून सत्तावीस मिनिटं. जमेल!

मी अक्षरांचा पहिला तक्ता वर केला. बारा मुलं आज्ञाधारकपणे त्याच्याकडे बघत राहिली. कविता उठली, एक चक्कर मारली आणि दारातून बाहेर गेली. संपलं! पहिल्या दोन मिनिटांत नापास! टेंभरेबाईंचा तरी तिसऱ्यात झाला होता. एस्तेरला काय सांगू? पण उभं राहिलं की शिकवायचं, ही सवय. मी फळ्याकडे वळले, "सहा दिवस" असं लिहिलं, पुढचं लिहायला हात उचलला आणि बघते तर हातातला खडू तांबडा दिसत होता.

खिडकीतून बाहेर पाहिलं. सूर्य बांध्यांच्या पलीकडच्या झाडांना टेकायला आला होता.

चार दिवस इथे संध्याकाळ लवकर होत होती. पहिल्या दिवशी मी थंडीला दोष दिला, दुसऱ्या दिवशी जंगलाला, तिसऱ्या दिवशी धुक्याला. अगं बाई, पूर्वेला आलीस ना तू! एका रेखांशाला चार मिनिटं, अलिबागपासून गोंदियापर्यंत सात रेखांश, सात चोक अठ्ठावीस. हे गणित मी सव्वीस वर्षं पोरांकडून घोटून घेतलं. ज्यांना आलं नाही त्यांना बाकावर उभं केलं. आणि स्वतः कोकणातल्या सूर्याचं वेळापत्रक घेऊन गोंदियाला आले! मला बाकावर नाही, टेबलावर उभं करायला हवं होतं.

"मुलांनो, उठा! पळा माझ्यामागे!"

मी खडू टाकला आणि नव्या साडीचा घोळ धरून पळत सुटले. मागे अकरा मुलं आनंदाने किंचाळत. त्यांच्या मागे रहांगडाले सर वहीसकट. त्यांच्या मागे बाकीचे शिक्षक, आणि सगळ्यांत शेवटी ते पाहुणे, "आग कहाँ लगी? आग कहाँ लगी?" करत.

माझ्या मेणबत्त्या खोलीत, खोलीची किल्ली टेंभरेबाईंकडे, आणि त्यांनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली. ती गाठ सुटेना. "कायले एवढी घाई करता जी?" त्या दातांनी गाठ ओढत होत्या. त्यांना तिथेच सोडून मी स्वयंपाकघराच्या अंगणात पोचले. सगुणाबाई चुलीपाशी होत्या आणि त्यांच्या शेजारी कविता, बैल मांडीवर घेऊन.

"बाई, दिवा हवा. दोन. आत्ता! सूर्य बुडायच्या आत!"

सगुणाबाईंनी एका शब्दाने काही विचारलं नाही. देवाचं काम आहे एवढं त्यांना पुरलं. दोन पणत्या आणल्या, टोळीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल ओतलं. वाती कविताने वळल्या, मांडीवर भराभर. चुलीतली जळती काडी मला दिली. मी दिवे लावले तेव्हा सूर्याची नखाएवढी कोर उरली होती. मी ज्योतींवरून तीनदा हात फिरवून उजेड आपल्याकडे घेतला, डोळे झाकले आणि प्रार्थना म्हटली. धाप लागलेली, शब्द मधेच तुटत होते.

डोळे उघडले तर अंगण गप्प. सगळी मुलं डोळ्यांवर हात ठेवून उभी. मी काही सांगितलं नव्हतं. हळूहळू एकेकाने हात काढले. कविताने सगळ्यांत शेवटी काढले, ज्योतीकडे पाहिलं, तीनदा हात फिरवला आणि पुन्हा डोळे झाकले. तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही.

तेवढ्यात टेंभरेबाई आल्या, एका हातात किल्ली, दुसऱ्यात खडू. "घ्या बाई. फळा बी इथंच आणाले सांगू का?"

"आता नाही लिहिता येत. शब्बाथ लागला."

"मंग पाठ कसा घेता?"

मला तरी कुठे माहीत होतं? तक्ते आत, चित्रं आत, आणि मी रिकाम्या हातांनी अंगणात. मी मुलांना विचारलं, तुमच्या घरी कोण काय काम करतं? करून दाखवा. कोणी धान कापलं, कोणी पाणी शेंदलं, कोणी बापाची मोटारसायकल सुरू केली, भर्रर्र. मी मराठीत सांगायचे, सगुणाबाई गोंडीत. मग मी डोळ्यांवर हात ठेवला की काम बंद, जिथे असाल तिथे. सगळे थांबायचे. हात काढला की पुन्हा भर्रर्र. टेंभरेबाई गोवऱ्या थापत होत्या. पाहुणे, मुलांनी आग्रह केला म्हणून, शाल खोचून नांगर हाकत होते.

कविता सूप पाखडत होती, नसलेलं सूप. मी डोळे झाकून उघडले तर ती थांबली नव्हती, बसली होती. दिव्याजवळ मांडी घालून. खेळ संपला, मी मनुकांचं सरबत सगळ्यांना वाटलं, भाकरीचा तुकडा मोडून दिला, तरी ती बसूनच. शेवटी मुलं जेवायला उठली तेव्हा उठली.

मी सरांकडे गेले. मान खाली. "सर, मी नापास. कविता दोन मिनिटांत बाहेर गेली होती."

सरांनी वही मिटली. "गेली होती जी. पर मंग तुम्ही बाकीच्या अकराही पोरायचा वर्ग घेऊन तिच्यापाशीच गेल्या. आता बाहेर कोण राहिलं, ते तुम्हीच सांगा."

टेंभरेबाईंनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या की तलाठ्याच्या आईला अशीच धर्मातली सोयरीक पाहिजे.

शनिवार

सगळे जीप करून चोरखमाऱ्याचा तलाव पाहायला गेले. मी राहिले. सगुणाबाईंनी माझं जेवण आदल्या दिवशीच करून चुलीच्या उबेला ठेवलं होतं. मी ओट्यावर बसून होते, नुसती. त्यांना ते बघून चैन पडेना.

"भाजी त निवडता येते का?"

"नाही."

"झाडून बी नाही?"

"नाही."

"आन हे देवानं सांगतलं? बायायले बी?"

"बायकांना, गड्यांना, बैलांना, सगळ्यांना."

"बाप्पा!" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "बाईले सुट्टी देनारा देव मी पयल्यांदा आयकला." मग इकडेतिकडे पाहून, कोणी नाही याची खात्री करून, त्याही माझ्या शेजारी येऊन बसल्या. अर्धा तास. मधेच दोनदा उठायला झाल्या, मी दोन्ही वेळा हात धरून बसवलं. समोर धानाच्या ढिगावर चिमण्या उतरत होत्या. त्या हाकलायलाही आम्ही उठलो नाही.

रविवारी निघताना सरांनी लेखी दिलं. छापील प्रमाणपत्राच्या खाली स्वतःच्या हाताने एक ओळ होती: यांचा पाठ खडू टाकल्यावर सुरू झाला.

घरी

सॉलोमनकाकांनी ती ओळ तीनदा वाचली. "हा पास म्हणायचा की नापास?" मी म्हटलं, पास. शब्दाचे पक्के, म्हणाले ठीक आहे. पण मान हलत होती.

मी अक्षरांचे तक्ते कपाटात टाकले. हानासाठी रविवारऐवजी शुक्रवारी एस्तेरच्या घरी जायला लागले. दिवा लावायचा, कामं थांबवायची, बसायचं. एस्तेर भांडी घासत असेल तर भांडं अर्धं टाकून बसायची. टीव्ही बंद, फोन बंद. हाना आधी नुसती बघायची. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतः काडी मागितली. बोलली नाही. बोलेल असं मी कोणाला कधी सांगितलंही नव्हतं.

तिच्या बारा वर्षांच्या शुक्रवारी सिनेगॉग भरलं होतं, म्हणजे आम्ही तीसेक माणसं. पाच चाळीसला हाना पुढे आली. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या. काडी पेटवली, दोन्ही दिवे लावले, तीनदा उजेड ओढून घेतला आणि डोळे झाकले. प्रार्थनेचे शब्द आले नाहीत. ती नुसती उभी राहिली, झाकल्या डोळ्यांनी, बराच वेळ. आणि मग मागून कोणीतरी ते शब्द हळू म्हणायला लागलं, मग सगळेच म्हणायला लागले. मी रडत होते, ते लपवत नाही.

सॉलोमनकाकांनी कोटातून रुमाल काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "नोंद करायला हवी. आत्ताच करतो." बारा वर्षांच्या मुलींची नावं आमच्याकडे एका जुन्या वहीत लिहितात. त्यांनी कपाटातून ती वही काढली, हानासमोरच्या मेजावर उघडली, खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं.

हानाने त्यांचं मनगट धरलं.

काका थबकले. तिने एकदा दिव्याकडे बोट दाखवलं, एकदा पेनाकडे, आणि जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. मग त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्या खिशात परत खोचून दिलं. तीस माणसांत एकालाही सुचलं नव्हतं की शब्बाथ लागलाय आणि अध्यक्ष लिहायला बसलेत. मलाही नाही.

सॉलोमनकाका उठून उभे राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस, चाळीस वर्षं धर्माचे नियम आम्हाला सांगणारा. त्यांनी वही मिटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "चुकलो बाळा."